पुढचं पुढच्या दिव्याला

“पुढचं पुढच्या दिव्याला!”

एवढं म्हणायचं, पेटत्या दिव्यावर उपडी करवंटी ठेवायची आणि पदर खोचून उठायचं, ही बाईंची रीत. मग पोरी कितीही गळा काढोत. राजकन्या राक्षसिणीच्या दारात उभी असो की समुद्रात गटांगळ्या खात असो, आठवडाभर ती तिथेच राहायची. मला तर कधी कधी असा राग यायचा बाईंचा! मी शिवणाची मास्तरीण, चांगली संसारी बाई. पण सोमवारी सुईत दोरा ओवताना माझ्याही डोक्यात तीच राक्षसीण.

ही रत्नागिरीतली, एकोणीसशे तीसच्या आगेमागेची हकिकत. मिशनच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी शिकवायला. मी मांडवीची, हिंदू. बाई ख्रिस्ती, घाटावरच्या, नगरकडच्या. आमच्या शाळेतल्या बहुतेक मुली हिंदूच होत्या. बाईंना मासे आवडायला लागले, पण काटे काढायला काही जमेना. जेवताना अर्धा वेळ ठसकत बसायच्या. “बाई, बांगडा तुमच्याच्याने व्हायचा नाही हो,” मी म्हणायची. “शिकेन, शिकेन,” म्हणत पुन्हा हात घालायच्या.

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे त्यांचे आगमनाचे दिवस, वाट बघायचे. नगरला बाईंची आई त्या दिवसांत दर रविवारी एकेक पणती जास्त लावायची. इथे बाईंनी नारळाच्या करवंट्या घेतल्या. वाळूच्या ताटात चार करवंट्या, खोबरेल, वात. पहिल्या रविवारी एक पेटायची, दुसऱ्या रविवारी दोन, आणि दर वेळी गोष्टीचा एक तुकडा. आधी बाई दिवे फुंकर घालून विझवत. मी म्हटलं, “अहो, दिवा फुंकू नये!” तेव्हापासून करवंटी उपडी घालू लागल्या.

गोष्टीतलं बेट दरवर्षी तेच. तिथला दिवसाचा सगळा उजेड राक्षसिणीने एका शिंपल्यात कोंडलेला. धाकटी राजकन्या तो आणायला माशाच्या पाठीवर बसून जाते आणि किनाऱ्यावरचे लोक तिच्यासाठी दिवे लावून बसतात. दिवस जातात, एकेक जण कंटाळून घरी जातो. शेवटी एक म्हातारी तेवढी उरते. मात्र संकट दरवर्षी नवं आणि सुटकाही नवी, त्यामुळे शेवट कुणालाच ठाऊक नसायचा. तो चौथ्या दिव्याला. उजेड सापडला की बाई मूठ पुढे करायच्या आणि हळूच म्हणायच्या, “उजेड असा येतो गं. मुठीत मावेल एवढा.”

एका वर्षी मात्र ठिणगी पडली. शाळेच्या मुख्य मॅडम नुकत्याच विलायतेहून आलेल्या. प्रार्थनेच्या दिवसांत राक्षसीण आणि जादू त्यांना मुळीच खपेना. त्यातच गावात बोभाटा झाला की, दिवे लावून पोरी बाटवतायत. तिसऱ्या रविवारी राजकन्या लाटेखाली गेली, बाईंनी दिवे झाकायला करवंटी उचलली, तोच पोरींच्या आया शाळेच्या वऱ्हांड्यात येऊन उभ्या राहिल्या. पुढे बागवाल्या काकू. आंब्यांच्या बागा असलेलं घर, आवाज खणखणीत, आणि धाकटी लेक बाईंच्या अगदी पायाशी बसणारी. आवाज ऐकून मॅडमही बाहेर आल्या.

“बाई, आडपडदा नको,” काकू म्हणाल्या. “तुमच्या ह्या गोष्टीत तुमचा येशू आहे की नाही? एवढंच सांगा.”

नाही म्हणावं तर मॅडम नोकरीवरून काढणार. हो म्हणावं तर आया पोरी घेऊन जाणार, म्हणजे गोष्ट संपलीच. मॅडम म्हणाल्या, “होय, बाई. मलाही हे कळले पाहिजे.” मी बाईंना डोळ्याने खुणावलं, काहीतरी गुळमुळीत बोला आणि सुटा! पण छे!

बाईंनी हातातली करवंटी खाली ठेवली. “आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्यापुरता आहे. मी त्याचीच वाट बघते. पोरींसाठी राजकन्या आहे. त्यांनी तिची वाट बघावी, मला तेवढं पुरे.”

झालं! दोन्हीकडून गेलं. काकूंना पहिलंच वाक्य ऐकू आलं आणि मॅडमना शेवटचं. काकूंनी लेकीला दंडाला धरून ओढत नेलं. पोर रडत होती, “पण ती बुडली काय गो आई? बुडली काय?” मॅडमनी बाईंना आत बोलावलं. शनिवारच्या मुंबईच्या बोटीने नगरला परत जायचं ठरलं. चौथा रविवार त्याच्या दुसऱ्याच दिवशी! मी मॅडमपाशी जाऊन तावातावाने भांडले, पण माझं कोण ऐकतंय?

शनिवारी मांडवी बंदरावर मी एकटीच पोचवायला गेले. बोट लांब उभी होती आणि तिच्याकडे नेणारा पडाव धक्क्याला लागलेला. बाई पडावात ट्रंकेवर बसल्या होत्या, डोळे कोरडे. मीच मुळूमुळू रडत होते. पडाव सुटला आणि मागून काकू धावत आल्या, धापा टाकत, पदराचं भान नाही.

“बाई! अहो बाई!” त्या ओरडल्या. “पोर जेवत नाही हो! आणि घरी येऊन सगळं सांगायची ती, आम्हीही ऐकत होतो! त्या राजकन्येचं काय झालं, तेवढं सांगून जा!”

बाई उभ्या राहिल्या. पडाव हलत होता, तांडेल बसा बसा म्हणत होता. मला वाटलं, आता सांगतील. बाई हसल्या. तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“पुढचं पुढच्या दिव्याला, काकू!”

बाई पुन्हा रत्नागिरीला आल्या नाहीत. काही वर्षांनी नगरलाच वारल्याचं कळलं.

त्यानंतरच्या एका नाताळाच्या सुमाराला मी दिवेलागणीला काकूंकडे गेले होते. तुळशीपुढे निरांजन होतं. आणि समुद्राकडच्या दगडी गडग्यावर, वाऱ्याला आडोसा करून, करवंटीत एक दिवा.

“काकू, हे काय? बाई तर गेल्या,” मी म्हटलं. “शेवट आता सांगणार कोण?”

“ते मला काय ठाऊक!” काकू माझ्यावरच खेकसल्या. “पण म्हातारीने दिवा लावायचं सोडलं, तर ती राजाची पोर यायची कुठे?”

आणि तेल आणायला आत गेल्या.