कोरड्या गच्चीवरचं पाणी

भूत-बित, आत्मा-बित... असले किस्से कुणी सुरू केले की चहा टाकायच्या निमित्तानं उठून जाणारी मी बाई. शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग, काही वर्षं साइटवर काढली आणि आता लोकांच्या घरी म्युझिक सिस्टीम, होम थिएटर बसवते. भिंतीतून आवाज आला तर मी आधी पाइप शोधते. तरीही हे लिहितेय, कारण इथं पाइप सापडला नाही.

संभाजीनगरच्या सातारा परिसरातलं नवं घर. आजूबाजूला रिकामे प्लॉट. मालक नाना, मूळचे फुलंब्रीकडचे शेतकरी. मुलगा विलास पुण्यात नोकरीला. घर पूर्ण झालं आणि वास्तुशांतीच्या आधीच नानांची बायको गेली... नाना एकटेच राहायला आले.

सिस्टीम लावायला गेले तेव्हा विलास मला दारातच हळू आवाजात म्हणाला, "ताई, नानांना दुपारी गच्चीवर पाणी वाजतंय असं वाटतं. गाण्यांत कान रमले तर ठीक. नाहीतर पुण्याला नेऊन डॉक्टरला दाखवणारे."

नानांनी ऐकलंच. "म्या येडा नाय झालो. तुझी माय पाणी मारती वर. तिला एकटीला टाकून कसा येऊ?"

मला दोघांचंही फार वाईट वाटलं.

झालं होतं असं, की स्लॅब टाकल्यावर त्यावर छोटे बांध घालून पाणी साठवून ठेवतात, म्हणजे काँक्रीट पक्कं होतं. बहुतेक साइटवर या कामाची टाळाटाळच चालते. इथं मात्र विलासच्या आईनं ते स्वतःकडे घेतलं होतं. कांद्याचे वाफे भरावेत तसे एकेक करून भरायची म्हणे, पाइपाच्या तोंडाला अंगठा लावून. कुणाला हात लावू द्यायची नाही.

असो. स्पीकर लागले. आता आमची एक पद्धत आहे — गाणं लावण्याआधी आम्ही खोलीची शांतता मोजतो. पंखा, फ्रीज सगळं बंद. सोफ्यापाशी माइक, लॅपटॉपवर रेकॉर्डिंग, माझ्या कानाला हेडफोन.

आणि हेडफोनमध्ये पाणी.

मी तडक गच्चीवर गेले, विलास मागोमाग. चायना मोझॅकची, म्हणजे गुळगुळीत टाइलच्या तुकड्यांची पांढरी गच्ची, पाय भाजत होते. टँकर न आल्यामुळं टाकी कोरडी ठणठणीत. खाली आले, हेडफोन लावला... धार चालूच! आणि एक सांगते — मोझॅकवर पाणी असं वाजत नाही. तो आवाज कोऱ्या, खरबरीत स्लॅबवरचा होता. साइटवर इतका ऐकलाय की चुकायची नाही.

मी तोवर झालेलं रेकॉर्डिंग नव्या स्पीकरवर लावलं.

नाना डोळे मिटून ऐकत होते. "हा जिन्याकडचा वाफा भरत आला. आता धार पल्याडच्या वाफ्यात जाईल बघ." आणि खरंच धार सरकली! आधी सपासप, मग पाणी साठेल तसा आवाज भरदार होत गेला. विलास स्पीकरजवळ सरकला. "अंगठा लावलाय तिनं," एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडला. मग नानांचे पाय धरले. "नाना, मी तुम्हाला येडं समजलो हो..."

नानांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, उठले आणि जिन्याखाली जाऊन उभे राहिले. मी स्पीकरवरचं रेकॉर्डिंग थांबवून माइकचा हेडफोन पुन्हा कानाला लावला होता. धार अजून चालूच होती.

"अगं ए!" नानांनी वर तोंड करून हाक मारली. "बास झालं आता. लई पक्कं झालं घर. ये खाली."

धार थांबली. मी तसं सांगितलं, तर नाना आधी हसले, मग रडले. "ऐकलं व्हय! उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकलं माझं."

नंतर कितीदा तरी मोजलं. नुसती शांतता. संध्याकाळी नाना स्वतःहूनच विलासला म्हणाले, "चल, नेतो तर ने आता पुण्याला."

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. त्या रेकॉर्डिंगवर डोकं लढवायचं म्हणून मी एक कॉपी ठेवली होती. पण ऐकताना दरवेळी दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं व्हायचं... शेवटी विलासला देऊन माझ्याकडची पुसून टाकली. आई त्याची होती.