काचेमागचा आईचा लुगरा

आईचा लग्नातला लाल लुगरा सरकारच्या संग्रहालयात आहे. तो तिथे असायला नको होता. तो तिच्याबरोबर जमिनीत जायचा होता.

आम्ही अंधेरीच्या पूर्वेकडच्या एका गावठाणातले, मराठी बोलणारे ख्रिस्ती. आमच्याभोवती काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, भातशेती गेली, पण आई रोज नऊवारीच नेसायची. आम्ही तिला लुगरा म्हणतो. गावठाणात अशी ती शेवटचीच बाई होती. लग्नाचा लाल, चौकडीचा लुगरा तिने ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता. दर वर्षी पाला बदलताना मला सांगायची, "पेटीत ह्यो नेसवा मला. दुसरा काय नको."

तीन वर्षांपूर्वी उपनगरांच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं आणि वर्षातला एक दिवस गावठाणांचा म्हणून पाळायचं सरकारने ठरवलं. तिथल्या अधिकारी बाई घरी आल्या. तरुण होत्या, गोड बोलायच्या. त्यांना जुना लुगरा हवा होता. आईने नाही म्हटलं. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आय, एका कार्यक्रमापुरता देतोय. लगेच परत येईल." त्याने कागदावर सही केली. कागद वाचला नाही. मी शाळेत होते. चौतीस वर्षं मुलांना सांगत आले की वाचल्याशिवाय सही करू नका, आणि माझ्याच घरात हे झालं.

पहिल्या सोहळ्याला आईला चाकाच्या खुर्चीतून नेलं. काचेत एक पुतळा होता, त्याला तिचा लुगरा. खाली पाटी होती. आई चौथी शिकलेली, पाटीवर बोट फिरवत एकेक अक्षर वाचायची. तिने वाचलं: 'पोर्तुगीज राजवटीत धर्मांतरित झालेल्या स्त्रीचा पोशाख.'

"ही कोन?" तिने विचारलं.

"आजी, तुमच्यासारख्याच कुणीतरी," अधिकारी बाई म्हणाल्या.

"माज्यासारखी कशी? लुगरा माजा हाय. आमी काय पोर्तुगीजांसंगती आलो? आमी इथलेच हाव. देव बदलला, शेत न्हाय बदललं." मग हात पुढे करून म्हणाली, "उतरव तो."

"कार्यक्रम होऊ दे ना, आजी."

मंचावर पाहुणे आम्हाला 'त्या काळाच्या जिवंत खुणा' म्हणत होते. भाऊ टाळ्या वाजवत होता.

घरी येऊन मी कागदाची प्रत काढून वाचली. त्यात 'कार्यक्रमापुरता' कुठेच नव्हतं. 'कायमस्वरूपी भेट' होतं.

"तू नेहमी कागदच काढून बसतेस," भाऊ म्हणाला. "आईचा मान झाला ते दिसत नाही तुला?"

"कुणाचा मान? पाटीवर तिचं नावसुद्धा नाही."

"नाव कशाला लागतं? आपल्या लोकांना सगळं ठाऊक आहे."

त्याला त्या पोर्तुगीज शब्दाचंही काही वाटत नव्हतं. उलट त्याला तो भारदस्त वाटायचा. ऑफिसात लोक विचारायचे, तुम्ही मूळचे कुठले, आणि तो हसून विषय तिकडेच न्यायचा. मला त्याचा तो हसरा चेहरा अजून सहन होत नाही.

मी दोन अर्ज केले. एक पाटीतल्या वाक्यासाठी, दुसरा लुगऱ्यासाठी. पाटीबद्दल उत्तर आलं की मजकूर समितीने ठरवला आहे. समितीत एकाला आम्ही बाहेरून आणलेले लोक वाटत होतो, दुसऱ्याला फसवून बाटवलेले. शेतकरी, मिठागरवाले, इथल्याच मातीतले, असं म्हणणारा तिथे कुणी नव्हता. तेव्हा दोघांनाही चालेल असं वाक्य त्यांनी ठेवलं होतं. लुगऱ्याबद्दल उत्तर आलं की शासनाकडे नोंदलेली वस्तू परत देता येत नाही.

आई दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आली की दारातच विचारायची, "आला काय माजा लुगरा?" मी म्हणायचे, अर्ज दिलाय. शेवटच्या वर्षी तिने विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

ती गेली एका शनिवारी, सकाळी सातला. माती दुपारी चारला ठरली. संग्रहालय दहाला उघडतं. मी पावणेदहाला फाटकाशी उभी होते. अधिकारी बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, माझ्या हातात असतं तर आत्ता दिला असता. वरून परवानगी लागते. सोमवारी साहेब आले की मी स्वतः बोलते."

"चारला माती आहे."

"मला कळतंय हो."

"नाही, कळत नाही तुम्हाला. आईला सोमवारपर्यंत ठेवू मी?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचा मला रागच आला. काचेची किल्ली त्यांच्या टेबलावर, उघड्या कंपासपेटीत पडलेली मला दिसत होती. मी ती उचलली नाही. उचलायला हवी होती. परतताना रिक्षा साकीनाक्याच्या सिग्नलला अडकली तेव्हाही मी तेच मोजत होते, अजून मागे फिरता येईल का.

आई रोजच्या लुगऱ्यात गेली. त्याला पदराशी ठिगळ होतं. भाऊ हळूच म्हणाला, "हाही लुगराच ना शेवटी." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

आठ महिन्यांनी अधिकारी बाईंचा फोन आला. सोहळा आठ दिवसांवर होता. पुतळ्यावरचा लुगरा सुटला होता आणि कुणीतरी तो तमाशातल्या नाचणारीसारखा नेसवला होता. लोकांच्या तक्रारी आल्या होत्या. "ताई, तुमच्याशिवाय कुणाला येत नाही. प्लीज."

"पाटी बदला. मग येते."

दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, समितीने एक शब्द वाढवला आहे: 'धर्मांतरित झालेल्या स्थानिक स्त्रीचा'. आधीचं सगळं तसंच. त्यांना वाटत होतं मी खूश होईन. मी म्हटलं, येते.

त्यांनी काच उघडली, मला हातमोजे दिले. मी ते घातले नाहीत. लुगऱ्याला कसल्या तरी औषधाचा वास होता. कडुलिंबाचा गेला होता. मी तो पूर्ण सोडला आणि घडी केली. मग नेसवायला घेतला.

जिवंत बाईचा लुगरा चालण्यासाठी नेसलेला असतो. काष्टा मागे घट्ट खोचायचा, काठ पोटरीवर ठेवायचा, म्हणजे चिखलात उतरता येतं. आमच्या आळीतल्या बायका मयताला नेसवताना काष्टा घालत नाहीत. तिला आता कुठे चालायचं नसतं. निऱ्या मोकळ्या सोडून पावलं पूर्ण झाकतात. पदर डोक्यावरून घेऊन दोन्ही खांद्यांवरून छातीवर आणतात आणि टोक डाव्या हाताखाली दाबतात. आईला त्या शनिवारी मी आणि मावशीने तसंच नेसवलं होतं. पुतळ्यालाही मी तसंच नेसवलं. तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हटली, सगळी, शेवटच्या आमेनपर्यंत.

"किती शालीन दिसतं हे!" अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांना वहीत नेसण्याची पद्धत लिहायची होती. मी सांगितलं, लिहा, पारंपरिक.

सोहळ्याला पाहुण्यांनी काचेपुढे हार ठेवला, समई लावली. मावशी गावठाणातल्या दोन बायकांबरोबर आली. काचेशी थांबली, कपाळ-छाती-खांद्यांवर हात नेला आणि माझं मनगट धरलं.

"अगं मेले, ही मयताची नेसन हाय."

"हो."

"आनि ह्ये लोक फोटू कारतान!"

"काढू दे."

"तुला काय लाज?"

"मावशी, तिला हाच लुगरा हवा होता."

मावशीने मनगट सोडलं नाही. लांबून पाहिलं तर वाटलं असतं आम्ही भांडतोय, आणि खरं तर भांडतच होतो. ती पुतळ्याच्या झाकलेल्या पावलांकडे बघत राहिली. मग तिने चपला काढल्या. बरोबरच्या बायकांनीही काढल्या.

भाऊ फोटोसाठी पाहुण्यांच्या रांगेत शिरला होता, काचेकडे पाठ करून, टाय नीट करत. मावशी अनवाणी तिथवर गेली आणि सगळ्यांदेखत त्याची बाही ओढली.

"आयला पाठ दाखवतस रे? माती व्हायचीय तिची!"

तो आधी हसला. मग वळला. छातीवरचा पदर, डाव्या हाताखालचं टोक, झाकलेली पावलं, हे सगळं त्याने ओळखलं, कारण पेटी उचलताना तो डोक्याशी होता. पाहुणे त्याला सरळ उभं राहायला सांगत होते. तो परत त्यांच्याकडे वळला नाही.

तो फोटो संग्रहालयाच्या भिंतीवर लागला आहे. सगळे समोर बघतात, एक माणूस काचेकडे तोंड करून उभा आहे. मी अजून त्याच्याशी बोलत नाही. मात्र लुगऱ्यासाठी पुन्हा अर्ज मी केलेला नाही.