त्र्याऐंशीच्या जागी ब्याऐंशी
जुन्या रेडिओतल्या तापलेल्या धुळीचा वास आला की देवासच्या मराठी मंडळाची निवडणूक आठवते. वडिलांच्या विरोधात धाकटे काका उभे होते, आणि सभेचा ॲम्प्लिफायर काकांच्याच ताब्यात होता. आपलं खणखणीत भाषण संपवून काकांनी “हा गेला वाटतं” म्हणत त्यातला काचेचा गरम व्हॉल्व्ह रुमालात धरून बदलला. मग वडील बोलले, ते तिसऱ्या रांगेपलीकडे पोचलंच नाही. “जोर से, भिया!” मागून हशा पिकला. हात वर झाले आणि वडील हरले. त्यांनी तिथेच व्हॉल्व्ह उपसला. “ईसीसी ८३ नंबरच्या जागी ८२? आवाज पाचवा हिस्सा उरतो, ठाऊक होतं तुला!” “पिना त्याच आहेत, दादा. बसला की!” पुढे काकांच्या शोकसभेत वडिलांनी समोरचा माइक बाजूला सारला आणि ते खाली बसले. तो ८२ आता माझ्याकडे आहे. अजून चालतो.