नागपूरमार्गे उणे सोळा

सांगलीहून निघताना बायकोने विचारलं, "नागपूरला संत्री आणायला चाललाय की गणित शिकवायला?" मी म्हटलं, "दोन्ही नाही. शिकवणाऱ्यांना कसं शिकवायचं, ते ठरवायला." तिने डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या. काम जितकं बिनकामाचं तितकी भूक जास्त, असा तिचा अनुभव आहे.

झालं होतं असं की सहावी ते आठवीच्या मुलांचे चाचणीतले गणिताचे गुण घसरले होते. गुण घसरले की शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं, ही आपली जुनी रीत. ताप कुणालाही येवो, इंजेक्शन मास्तरला. या प्रशिक्षणाची आखणी करण्यासाठी ठिकठिकाणचे गणित शिक्षक नागपूरला बोलावले होते, त्यात मी एक होतो. सातवीचा वर्ग मी चित्रकलेच्या सरांच्या हवाली करून आलो होतो.

नागपूर स्टेशनाबाहेर ऑक्टोबरचं ऊन सकाळीच कामाला लागलं होतं. मी आधी एक पांढरा दुपट्टा घेऊन डोक्याला गुंडाळला आणि मग रिक्षात बसलो.

"काहून आले साहेब नागपूरले?" रिक्षावाल्याने विचारलं. (काहून म्हणजे का.)

"शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी."

"आमच्या पोट्ट्याची गणिताची मॅडम बी ट्रेनिंगलेच गेली आहे. भल्ली मस्त शिकवते म्हणते."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणून राहिले. पोट्ट्यानं तं अजून पाहिलीच नाही तिले."

मी हसलो. तो हसला नाही. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ त्याने मला सोडलं आणि समोरच्या टपरीकडे बोट दाखवून पोहे खाऊन घ्या म्हणाला.

इथे पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. आम्ही कोल्हापूर-सांगलीकडचे लोक तिखटाच्या बाबतीत उगाच ताठ असतो. मी "और डालो" म्हणालो आणि दुसऱ्या घासाला डोळ्यांना धारा लागल्या. तशाच डोळ्यांनी सभागृहात शिरलो. योजनेचे प्रमुख ठवकर साहेब दारातच उभे होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मुलांच्या गुणांची इतकी कळकळ असलेला माणूस मी आज पाहतोय." मी नाक पुसत मान डोलावली. तेव्हापासून मी त्यांचा विश्वासू झालो.

बैठकीचा सकाळचा वेळ प्रशिक्षणाचं नाव ठरवण्यात गेला. 'गणित-गरुड' की 'गरुड-गणित' यावरून दोन ज्येष्ठ शिक्षक चहाच्या सुट्टीतही बोलत नव्हते. दुपारी टाळ्यांचा खेळ झाला. मुलांना नेमकं काय येत नाही, असं मी एकदा विचारलं, तर तो विषय उद्घाटनाच्या वेळी घेऊ असं ठरलं. ठवकर साहेब मात्र मुद्द्याचे. ते म्हणाले, "सोपं आहे. ज्याचा वर्ग उत्तम, तो मार्गदर्शक. त्याला वर्षभर जिल्ह्यात फिरवायचा. ज्याचा वर्ग कच्चा, तो प्रशिक्षणार्थी. त्याला वर्षभर बोलवत राहायचं."

"आणि जे मधले?"

"मधल्यांकडे आपलं अजून लक्ष गेलेलं नाही," ते प्रांजळपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्हाला शाळा पाहायला पाठवलं. माझ्या वाट्याला कुही तालुक्यातलं एक गाव आलं. गावाचं नाव सांगणार नाही, का ते पुढे कळेलच. तिथल्या सातवीला चाचणीत इतके चांगले गुण पडले होते की साहेबांना दोनच शक्यता दिसत होत्या: कॉपी, किंवा मार्गदर्शक. कोणती खरी, ते मी बघून यायचं होतं.

शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना धान सुरू झालं. आमच्याकडच्या उसासारखं ते अंगावर येत नाही. लोंब्यांनी वाकलेलं, बांधाबांधांनी अडवलेलं, मधे एखादं मोहाचं झाड. जीपच्या खिडकीतून येणाऱ्या धानाच्या वासाने मला उगाचच बरं वाटायला लागलं. शाळा गावाच्या टोकाला होती, व्हरांड्यासमोर एक मोठा कडुनिंब. गणिताच्या शिक्षिका लांजेवार मॅडम (आडनाव बदललं आहे, कारण तेच) दारात उभ्या होत्या. चाळिशीच्या, सडसडीत, बोटांना खडू.

मी मागच्या बाकावर बसलो. मॅडमनी फळ्याकडे तोंड करून पूर्णांकांचा नियम वाचला. मग पुन्हा वाचला. असा रटाळ तास मी माझ्या विद्यार्थिदशेतही पाहिला नव्हता.

"उणे तीन अधिक पाच?" त्यांनी विचारलं.

"आठ!" सगळा वर्ग एका सुरात.

बरं, म्हणजे कॉपी. मी उठलो, आभार मानले आणि जीपपर्यंत गेलो. पण तो सूर डोक्यातून जाईना. मी इतकी वर्षं गणित शिकवतो. खऱ्या कच्च्या वर्गात प्रत्येकाची चूक वेगळी असते. निम्मे तर तोंडच उघडत नाहीत. ही चूक पाठ केलेली होती. त्यात दुपट्टाही बाकावरच राहिला होता, म्हणून परत फिरलो.

व्हरांड्यात खडूची लांबलचक संख्यारेषा काढलेली होती आणि सातवी तिच्यावर उड्या मारत होती. मॅडम मधोमध, पदर खोचून. एक चिमुरडी पोर उणे तीनवर उभी राहून शेजारच्या मुलावर ओरडत होती, "अजून आठ काहून म्हणून राहिला गा? साहेब गेले न आता!"

मग तिला मी दिसलो. उड्या मारणारे पाय जागच्या जागी थांबले.

मॅडमनी मला आत खुर्ची दिली आणि जेवणाची वेळ झाली म्हणून डबा उघडला. गोळाभात होता, म्हणजे भातात शिजवलेले डाळीचे गोळे, वर चुरचुरीत तेल. मला निम्मा वाढून त्या स्वतः मात्र खाईनात.

"सर, मले आधी एकदा मार्गदर्शक केलं होतं," त्या म्हणाल्या. "वर्षभर फिरली. टाळ्यांचा खेळ शिकवला मास्तरांना. वापस आली तं माझ्या वर्गातल्या चार पोरी नव्हत्या. गणितात नापास झाल्या, घरच्यांनी रोवणीले (भाताच्या लावणीला) नेल्या, त्या आल्याच नाहीत. त्यातली एक या रोशनीची बहीण." उणे तीनवर उभी असलेली पोर ती रोशनी.

मी नाक पुसलं. आणि या वेळी तर्री नव्हती.

"मग मी तुमचं काय लिहू? कच्चं?"

"नका सर! मंग शिकायले बोलावतील, पोट्ट्यांना चुकायले लावताना हे ध्यानातच नव्हतं आलं. गेली तं गेलीच."

"मग?"

"मधलं लिहा न."

पण ठवकर साहेब स्वतः दुसऱ्या दिवशी पडताळणीला येणार होते, आणि असं एका सुरात चुकणारा वर्ग त्यांनी सरळ कच्च्यांत टाकला असता. तेव्हा मी सातवीसमोर उभा राहिलो आणि नागपूर मुक्कामातलं माझं एकमेव प्रशिक्षण दिलं. म्हटलं, मुलांनो, सगळ्यांनी एकदम चुकायचं नाही. काहींनी बरोबर सांगायचं. दोघांनी आठ म्हणायचं, एकाने उणे आठ. एकाने खिडकीबाहेर बघत बसायचं. खिडकीसाठी सगळ्यांनी हात वर केले. फक्त रोशनी कुरकुरली, "सर, मले चुकीचं बोलताच येत नाही." मी म्हटलं, मग गप्प बस.

ठवकर साहेब आले, मी त्यांच्यासोबत मागे बसलो. माझे विद्यार्थी अप्रतिम मध्यम निघाले. थोडं बरोबर, थोडं चूक, एकजण खिडकीत. साहेबांनी जांभई दिली तेव्हा मला भरून आलं. पण जाता जाता त्यांना हुक्की आली.

"सांगा, उणे सात उणे नऊ?"

हे आम्ही बसवलं नव्हतं. कुणी "उणे दोन" म्हणालं, कुणी "सोळा". मी रोशनीकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते, चेहरा लाल झाला होता. तिचा हात वर गेला. मॅडमचा खडू फळ्यावर थांबला.

"सर, पाणी प्यायले जाऊ?"

साहेबांनी मान हलवली. ती पळत बाहेर गेली, आणि क्षणभराने कडुनिंबाखालून खणखणीत आवाज आला, "उणे सोळा!"

"कोण ते?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्या वर्गाचे पोट्टे खेळून राहिले सर," मॅडम म्हणाल्या. साहेबांनी 'सर्वसाधारण' असा शेरा मारला आणि घड्याळ बघितलं. बाहेर पडताना मॅडमनी मला हात जोडले. मला मान वर करवेना.

परतीच्या गाडीत संत्र्यांची पिशवी मांडीवर होती आणि डोक्यात ती हाक. इतकी वर्षं आपण मुलांना बरोबर उत्तर द्यायला शिकवतो, आणि बरोबर उत्तर द्यायला त्या पोरीला वर्गाबाहेर जाऊन झाडाला सांगावं लागलं. मला रागही आला आणि लाजही वाटली. आखणी करणाऱ्यांत माझं नाव होतं ना.

सांगलीला पोहोचलो तर वर्गात चित्रकलेच्या सरांनी अपूर्णांक शिकवण्याऐवजी मुलांकडून गरुड रंगवून घेतला होता. चांगला आला होता. मुख्याध्यापकांनी आनंदाने बातमी दिली: ठवकर साहेबांनी माझी फार स्तुती केली आहे, मला मार्गदर्शक करायचं म्हणतात, वर्षभर. सोमवारी वरून माणूस माझा तास बघायला येणार.

संध्याकाळी संत्री सोलत बायकोने विचारलं, "मग? जमलं का शिकवणाऱ्यांना शिकवायचं?"

"एक तास जमला," मी म्हटलं.

सोमवारची तयारी झाली आहे. नियम दोनदा वाचायचा, फळ्याकडे तोंड करून. खिडकीजवळची जागा चिठ्ठ्या टाकून दिली आहे. आणि ज्याला अगदीच राहवणार नाही, त्याच्यासाठी बाहेर पाण्याचा माठ भरून ठेवायला सांगितला आहे.