आईच्या भरवशावर घेतलेला रिव्हर्स

रिव्हर्स हा शब्द आमच्या घरात टेम्पोबरोबर आला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कधीतरी. आईने त्याला गड्यासारखं राबवलं. कॅसेट मागे न्यायची तर रिव्हर्स, बैल गोठ्यात मागे सरकवायचा तर रिव्हर्स, आणि मामाने ठरलेल्या सोयरिकीतून अंग काढून घेतलं तेव्हा "मारला ना रिव्हर्स!" म्हणून तिने त्याला भर पंगतीत सुनावलं. याच शब्दाचं स्पेलिंग चुकलं म्हणून मी शाळेत छडी खाल्ली होती. आईला स्पेलिंग येत नव्हतं आणि तिचं कुठेच अडत नव्हतं.

खरा रिव्हर्स मात्र दोघांनी मिळून घ्यायचा असे. मळ्यातली मेथी-कोथिंबीर भरून आईवडील पंचवटीत, गंगेवरच्या, म्हणजे नदीकाठच्या बाजारात जायचे. तिथल्या अरुंद गल्लीत टेम्पो मागे घ्यायचा म्हणजे आई आधी खाली उतरायची, मागे जाऊन उभी राहायची आणि "येऊ द्या, येऊ द्या" असा हेल काढायची. पत्र्यावर तिची थाप पडली की वडील ब्रेक दाबायचे. थाप पडेपर्यंत ते मागे बघायचे नाहीत. आरसा कधीच तुटला होता आणि तो बदलावा असं कुणाला वाटलंही नव्हतं. "हिच्या भरवशावर मी डोळे मिटून रिव्हर्स घेतो," असं वडील चारचौघांत मिरवायचे. मलाही त्याचं भारी कौतुक होतं. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

पुढे मी शिक्षिका झाले आणि दोन हजारनंतर केव्हातरी एक जुनी मोटार घेतली. एका रविवारी मळ्यात आले होते. परत निघताना आई सवयीने मागे जाऊन उभी राहिली. "येऊ दे, येऊ दे," सुरू झालं. मला गाडी शिकवणाऱ्या सरांनी दरडावून मान वळवायची सवय लावली होती, म्हणून वळवली. मागच्या डाव्या काचेत लाल काहीतरी खाली वाकलं. मी सगळ्या जोराने ब्रेक दाबला. आई अजून म्हणतच होती, "येऊ दे."

शेजारणीची तीन वर्षांची पोर चाकापासून हातभर अंतरावर मातीत बसली होती. हातात वाटी, वाटीत खडे. दार उघडून मी धावले. पोरीला उचलून मी आईवर ओरडले, "दिसत नाही का तुला?"

आई पांढरीफटक पडली होती. "नाय दिसली गं," ती म्हणाली. "त्या बाजूचं मला नाय दिसत."

मी तिच्या उजव्या डोळ्यावर हात धरला. समोर बोटं नाचवली. ती नुसतीच उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची नस पार गेलेली, आणि हे आजचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. उजवा डोळा औषधाने टिकेल. मी आईला विचारलं, कधीपासून? टेम्पो आल्यावर दोन-तीन वर्षांनी, ती म्हणाली. भाजी निवडता निवडता सांगावं तसं.

मी हिशोबच करू शकले नाही. ती गल्ली, ती गर्दी, टोपल्यांशेजारी झोपवलेली तान्ही पोरं, आणि त्यांच्यातून मागे सरकणारा आमचा टेम्पो. चालवणारा बघत नाही, सांगणारीला अर्धं दिसत नाही. कुणी मेलं नाही, ही निव्वळ देवाची कृपा.

घरी आल्यावर वडिलांसमोर माझा तोल गेला. "आजपासून तू टेम्पोमागे उभं राहायचं नाही," मी आईला बजावलं. वडील भिंतीला टेकून बसले होते.

आईने डोळ्याबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, "म्हंजी आता मला बाजारात न्यायचं नाय?"

मला आधी समजलंच नाही. मग ती बोलत गेली. टेम्पो यायच्या आधी ती कधी बाजारात गेली नव्हती. मळा आणि चूल, बस्स. मागे उभं राहायला माणूस लागतं म्हणून तिला पुढे बसायला मिळालं. तिथे तिची बहीण भेटायची, चार बाया भेटायच्या. डोळ्याचं सांगितलं असतं तर तिच्या जागी दुसरं कुणी बसलं असतं. म्हणून तिने इतकी वर्षं कानाने आणि अंदाजाने थाप मारली होती.

वडील एकदम म्हणाले, "अगं, येऊ द्या म्हणायला कोण नेत व्हतं तुला? ते तर बाजारातलं कोणी बी म्हणलं असतं. तू सोबत असावी म्हणून नेत व्हतो मी."

आई त्यांच्याकडे वळली. नीट दिसावं म्हणून तिने मान जरा जास्तच वळवली.

"मग इतक्या वर्षांत कधी बोलले का नाय तुम्ही?"