चौकापर्यंतचं तिकीट

इस्त्रीवाली बावीस वर्षं एकाच बसनं डोंगर चढत होती. खालच्या शहरातून वरच्या गावात जायला पाऊण तास. गाव शांत, हवा थंड, म्हणून परदेशातली माणसं तिथं घरं घेऊन राहिली होती. त्यांचे सदरे, चादरी, टेबलावरची कापडं हिच्या हाताखालून जायची. दिवसभर उभं राहून तिचा डावा गुडघा कामातून गेला होता. जीभ मात्र शाबूत होती.

एका सोमवारी बस गावाबाहेरच्या कमानीपाशीच थांबली.

"उतरा सगळे," ड्रायव्हर म्हणाला. "आजपासून बस इथपर्यंतच."

"का? चौक कुठं पळून गेला?"

"वरच्या लोकांनी अर्ज दिलाय. बसच्या आवाजानं शांतता मोडते म्हणे."

तिथून चौक म्हणजे वीस मिनिटांचा उभा चढ. माळी उतरला. दोघी स्वयंपाकिणी कुरकुरत उतरल्या. इस्त्रीवाली बसली ती बसलीच.

"मावशी, माझ्या नोकरीवर येईल हो."

"मग उचलून ठेव मला खाली. कंबर सांभाळ फक्त." तिनं तिकीट त्याच्यापुढं धरलं. "काय छापलंय? चौक. हा रस्ता फोडताना माझा बाप सुरुंग लावायला होता. एक कान गेला त्याचा. तेव्हा कुणाची शांतता मोडली, ते विचारायला नाही आलं कुणी!"

खाली उभ्या माळ्यानं ते ऐकलं आणि तो परत चढला. मागोमाग स्वयंपाकिणी. ड्रायव्हरनं दहा मिनिटं वाट पाहिली, कपाळाला हात लावला आणि गिअर टाकला.

चौकात म्हातारे परदेशी साहेब आपल्या घराच्या दारातच उभे होते. दर सोमवारी ती त्यांच्याकडेच असायची.

"बस वर आणायची नाही असं ठरलं होतं," ते अडखळत म्हणाले.

"तुमचं ठरलं होतं. आम्हाला कुणी विचारलं?"

"तुम्ही तर आमच्या घरच्यासारख्या!"

"मग घरच्या माणसाला वेशीवर का उतरवता?"

साहेबांनी दार लावून घेतलं. सोमवारचं काम गेलं.

"पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, आई?" संध्याकाळी मुलगी वैतागली.

"पाणी आधीपासून आपलं आहे. मासे मागून आले."

आठवडाभर रोज तेच. बस कमानीशी थांबायची, हे चौघं हलायचे नाहीत, मग बस वर जायची. शेवटी बस ऑफिसातले मोठे अधिकारी फाईल घेऊन कमानीपाशी हजर झाले.

"बाई, नियम म्हणजे नियम."

"बरं. तुम्ही पायी चढा. चौकात पोचलात, की उद्यापासून मी इथंच उतरेन."

सगळे बघत होते, त्यामुळे अधिकाऱ्यांना नाही म्हणता येईना. अर्ध्या चढावर ते कठड्यावर टेकले, फाईलनं वारा घेऊ लागले. बस शेजारी येऊन थांबली, तेव्हा आत चढले.

बस चौकापर्यंत राहिली. तिथं इंजिन बंद ठेवायचं, एवढंच ठरलं. साहेबांनी तिला पुन्हा बोलावलं नाही, तीही विचारायला गेली नाही.

सोमवारी आता काम नसतं. तरी ती वर जाते, चौकातल्या बाकावर गुडघा पसरून तासभर बसते आणि पुढच्या बसनं उतरते.

"काम नाही तर जातेस कशाला?" मुलगी विचारते.

"माझा स्टॉप आहे तो," ती म्हणते.