वाटी कुठं ठेवू?

माझी मुलगी इकडं हिंदी मुलखात, हथखोजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला लागली, ते यांना पसंत नव्हतं. हे पोलादाच्या सरकारी प्लांटात क्लार्क. म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहतो. तुझा प्रोग्राम चालला तं कर नोकरी. नाही तं नागपूरच्या स्थळाले हो म्हण."

त्या कारखान्यात पट्ट्यावर फिरणाऱ्या लोखंडी चाकांच्या, म्हणजे पुल्या ओतायचे. कोणती पुली कुठवर आली, याचा हिशोब प्रोग्रामनं ठेवायचा. भट्टीपासून तपासणीपर्यंतचा भाग मुलगी लिहायची, पुढचा गोदामापर्यंतचा तिच्यासोबतचा मल्याळी मुलगा. दोघंही हुशार. पण दोन भाग जोडले की मेळ बसेना.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो मुलगा आमच्या क्वार्टरवर आला. कारखान्यातल्या वयस्क मिस्त्रींनाही त्यानं आणलं होतं. व्हरांड्यात भांडण जुंपलं. मी चहासाखरेचा ट्रे धरून पडद्याआडच उभी. बाहेरच्या माणसांसमोर जायची मला फार लाज.

"तुम्हारा ही हिस्सा गलत है!" मुलगी म्हणाली.

"मेरा नहीं, तुम्हारा!" तो मुलगा म्हणाला.

"वाह, मुर्गे लड़ रहे हैं," मिस्त्री म्हणाले.

मुलगी एकदम थांबली. "आई, मागच्या पाडव्याची रांगोळी आठवते तुले?"

कशी विसरणार! आमच्या ओळीतल्या बायांनी एकच मोठी रांगोळी काढायचं ठरवलं होतं. मी माझ्या कोपऱ्यातून, तेलुगू शेजारीण तिच्या कोपऱ्यातून. तिचे ठिपके लांब लांब, माझे दाट. मध्यावर रेघा भेटल्याच नाहीत. मग सगळं पुसलं, सगळ्यांनी मिळून आधी ठिपके टाकले, तेव्हा कुठं जमलं.

"आमीबी आपापल्या कोपऱ्यातूनच काढून राहिलो," ती म्हणाली. "रांगोळीचा डबा दे."

तिघं फरशीवर बसले. भट्टी, ओतकाम, तपासणी, गोदाम असे चौकोन निघाले. एक काढायचा, दुसरा पुसायचा, तिसरा हसायचा. फिरवायला पुली हवी होती. मिस्त्रींना पडद्याआडून ट्रेमधली साखरेची चिनी मातीची वाटी दिसली.

"भाभी, चाय बाद में. पहले पुली घुमाइए."

कान तापले माझे. पण मुलगी माझ्याकडं पाहत होती. मी ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आणि वाटी उचलली. भट्टीतून ओतकामात, तिथून तपासणीत.

"ये तो चटकी हुई है. फेल," वाटीच्या काठावरच्या चिरेवर बोट ठेवून मिस्त्री म्हणाले.

"मग कुठं ठेवू?" मी विचारलं.

मुलीनं मुलाकडं पाहिलं, मुलानं मुलीकडं. मी वाटी धरून चौकोनात उभी.

"तपासणी झाली का मी तिले तयारच धरते," मुलगी हळूच म्हणाली.

"और मैं समझा, मेरे पास सिर्फ़ अच्छी आती है!" तो मुलगा म्हणाला.

"अरे, फेल वाली तो वापस भट्टी में पिघलती है," मिस्त्री म्हणाले. "तुम दोनों ने पूछा ही नहीं, मैंने भी नहीं बताया."

मुलानं चिमूट घेतली आणि तपासणीपासून भट्टीपर्यंत उलटी रेघ ओढली. मुलीनं ती ठळक केली. मी वाटी त्या रेघेवरून परत नेली, तेव्हा तिघांनी टाळ्या वाजवल्या.

धनतेरसला प्रोग्राम चालला. मुलगी यांना पाहायला घेऊन गेली. परत आल्यावर बूट काढायच्या आधीच हे म्हणाले, "नागपूरले कळवतो. पोरगी नोकरी करून राहिली म्हणून."

ती रांगोळी मी पुसली नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिच्याच भोवती कमळं काढली. तेलुगू शेजारीण फाटकातून वाकून पाहत होती.

"ये बीच में क्या बनाया, बहन?"

"कारखाना!" मी म्हणाले, ओळीतल्या सगळ्या घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.